रुमालातले दात

मंगळवारी भर दुपारी भाऊजी माझ्याकडे आले, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या शिलाई मशीनवर दात ठेवले. खरे नव्हेत, प्लास्टरचे. वरचे आणि खालचे, पूर्ण बत्तीशी. मी एका पँटची कंबर उसवत होते. कपडे लहान-मोठे करून देणं हा माझा धंदा, आणि दुपारी माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात, मेहुणे नाहीत.

"हे कोणाचे, ओळख," ते म्हणाले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दातांच्या लॅबमध्ये कामाला आहेत. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून हे साचा ओततात आणि कवळ्या, कॅपा असं काय काय बनवतात. साच्यावर नाव नसतं, नुसता नंबर. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना एक खोड लागली आहे. दात पाहून माणूस सांगतात. हा एकाच बाजूने चावतो, ही नखं खाते, हा पेन चघळतो. माझ्या पुढच्या दाताला खाच आहे, कारण कात्री हाताशी असली तरी मी दोरा दातानेच तोडते, हे त्यांनी लग्न ठरलं त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नव्या मेहुणीशी बोलायला या माणसाला दुसरं काही सुचलं नाही!

आणि माणूस शांत. इतका शांत, की समोरच्याला राग यावा. मला तरी येतो. अकरा वर्षांपूर्वी ते लॅबमध्ये चक्कर येऊन पडले. रक्तदाब भलताच वाढला होता. डॉक्टर म्हणाले, यांना कसलंही टेन्शन देऊ नका. डॉक्टर बोलून मोकळे झाले, पण ताईच्या दृष्टीने ती काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून त्या घरात वाईट बातमी भाऊजींपर्यंत पोहोचतच नाही. गीझर बिघडला, तर ते यायच्या आत दुरुस्त. शेजारणीशी वाजलं, तर ते यायच्या आत समेट. सगळं ताई परस्पर निस्तरते, आणि हे घरी आले की हसतमुखाने चहा पुढे करते. भाऊजींची समजूत अशी, की जग आपोआप सुरळीत चालतं. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून ते चारचौघांना मनःशांतीवर सल्ले देतात. लोक माना डोलावतात.

"ओळखलंस ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

ओळखले होते. पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता, आणि तो मीच उडवला होता. मी सात वर्षांची, ताई अकराची. दोरीउड्यांच्या दोरीची लाकडी मूठ माझ्या हातून सुटली होती. तरी मी म्हटलं, "मला काय माहीत? दात सगळ्यांचे सारखेच." ताई दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, हे मलाही नवीन होतं. तिचं सगळं मला ठाऊक असतं अशा तोऱ्यात मी वावरायचे. वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

"शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दवाखाना आहे," भाऊजी म्हणाले. "तिला वाटलं असेल, तिथलं काम आमच्याकडे येत नाही. गेल्या महिन्यापासून येतं."

मग पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी मला एक दाढ दाखवली. दाढेवर उंचवटे असतात. हिच्यावर काही उरलंच नव्हतं, पाटासारखी सपाट.

"ही झोपेत दात आवळते. काही जण करकरा दात खातात, ते शेजारच्याला ऐकू तरी येतं. ही नुसती घट्ट धरून ठेवते. आवाजच नाही."

मला राहवेना. "किती दिवसांत होतं असं?"

"दिवसांत? दहा-अकरा वर्षं लागतात."

आकडा त्यांच्याच तोंडून आला आणि त्यांची पेन्सिल दाढेवरच थांबली. ते म्हणाले, "मला काय काय सांगत नाही तुम्ही दोघी?"

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. पण ताईला दिलेला शब्द होता, आणि या माणसाला माझ्या दारात काही झालं असतं, तर मी कुठे तोंड दाखवणार होते? "ताईलाच विचारा," मी म्हटलं. "आणि आधी सांगा, गोळी घेतलीत का?"

"घेतली. तू चल माझ्याबरोबर."

ताई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. भाऊजींनी तिच्यासमोर एक छोटी डबी ठेवली. झोपताना दातांवर बसवायची पारदर्शक पट्टी होती तिच्यात, त्यांनी स्वतः केलेली. "घालून बघ. कुठे टोचली तर घासून देतो."

ताईने डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. असं पाहिलं, की मी मुकाट्याने टोपली ओढून मटार सोलायला लागले. "मी एक अक्षर बोललेले नाही हं."

"डॉक्टरांनी तुम्हाला..." तिने सुरुवात केली.

"ते डॉक्टर कधीच निवृत्त झाले. मला एकच काळजी सांग. अगदी बारीकशी. चव बघतो."

ताई शेंगा चाळवत राहिली. मग म्हणाली, "बाथरूमच्या भिंतीला ओल आलीय. वरच्यांना तीनदा सांगून आले. दारच उघडत नाहीत."

"बरं. दुसरी?"

"आपल्या मुलाने कॉलेज सोडलंय. सहा महिने झाले. एका दुकानात लागलाय."

भाऊजींचे कान लाल झाले. मी उठून पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. "पुढे?"

"मागच्या वर्षी छातीत गाठ लागली होती हाताला. तपासून घेतली. साधीच निघाली."

"मागच्या वर्षी कधी?"

"तुम्ही मनःशांतीच्या शिबिराला गेला होतात ना, त्या आठवड्यात. ही होती माझ्याबरोबर. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले."

भाऊजी रडायला लागले. आवाज करून, लहान मुलासारखे. ताई धावत रक्तदाबाचं मशीन घेऊन आली आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधायला लागली. "बघितलंत? म्हणून सांगत नव्हते."

त्यांनी पट्टा सोडून बाजूला ठेवला. "मला काही होत नाहीये. मला रडू येतंय. अजून आहे काही?"

"आहे," ताई म्हणाली, आणि त्या घरात तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तुम्ही आहात! मी नऊ दिवस जीव मुठीत धरून बसले होते, आणि तुम्ही शिबिराहून येऊन मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होतात. हातात येईल ते तुमच्या डोक्यात घालावंसं वाटत होतं मला."

"मग घातलं का नाहीस?" भाऊजींनी डोळे पुसत विचारलं.

"कसं घालणार?" ताई म्हणाली. "तुम्ही डोळे मिटून बसला होतात."