उसवलेलं टोपडं

लग्न होऊन ताय्ताय गावी आली तेव्हा सिओनिंगला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. माहेर समार बेटावरचं, कोळ्यांचं. जाळं विणायला सांगितलं असतं तर तिने डोळे मिटून विणलं असतं. सासर मात्र अशा गावात, जिथे घरटी एक शिलाई मशीन आणि कोंबडं आरवायच्या आत त्याची खडखड सुरू. सासूने, नानाय पुरिताने, कारखान्यात कापड कापायच्या टेबलाशी उभ्या उभ्या जन्म काढला होता. सुनेचे हात उलटसुलट करून पाहत ती म्हणाली, "या बोटांना जाळ्याची गाठ जमते ना? मग टाकाही जमेल. बस इथे."

सिओनिंग बसली ती बसलीच.

कारखान्यांतून निघणारं कातरण पोत्यांनी यायचं. सासूने तिला ते निवडायला शिकवलं. ताणलं जाणारं होजिअरीचं वेगळं, सुती वेगळं, तळहाताएवढे तुकडे बटव्यांना, लांब पट्ट्या केसांच्या रबरांना, आणि अगदीच चिंधी असेल ती गरम भांडं उतरवायच्या गाद्यांमध्ये भरायला. प्रत्येक वस्तूचा नमुना सासूने जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर आणि खोक्यांच्या पुठ्ठ्यावर आखून कापलेला होता. कापड कुठल्या दिशेला ताणलं गेलं पाहिजे ते दाखवणारा बाण प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेला.

त्या सगळ्यांत सिओनिंगचा जीव होता तो बाळाच्या टोपड्याच्या नमुन्यात. दोन बाजू आणि कपाळापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी, त्यामुळे टाळूवर शिवण येतच नसे. तिची पहिली मुलगी दिवस भरायच्या आधीच जन्मली, तेव्हा सासूने हे टोपडं बेतलं होतं. पोरीचं डोकं लिंबाएवढं. शेजारणी पाळीपाळीने तिला छातीशी धरून बसत, आणि पोर जगली. तेव्हापासून गल्लीत मूल जन्मलं की सिओनिंगचं टोपडं त्या घरी जायचंच. त्याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. गल्लीतल्या तरण्या बायका तिला आते म्हणत, तिकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

वैर होतं ते एकाच बाईशी. बाजारात समोरच्याच गाळ्यावर बसणारी बेलेन. सिओनिंगच्या तिकोनी बटव्याला गिऱ्हाईक फार, म्हणून बेलेनने भाचीला पाठवून एक बटवा विकत आणवला, तो उसवला, आणि महिन्याभरात तिच्या गाळ्यावर तस्सेच बटवे लटकायला लागले. सिओनिंग तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"छान शिवलायस गं. डोकं कुणाचं लावलंस?"

बेलेनने वर पाहिलं नाही. "कापड माझं, दोरा माझा."

त्यावर दोघींचं बोलणं जे तुटलं, ते वर्षानुवर्षं. चर्चमध्ये बेलेन डावीकडे बसली की सिओनिंग उजवीकडे बसायची. मधे सासू वारली, बेलेन मातीला आली, मागे उभी राहिली आणि तशीच निघून गेली.

मग एके वर्षी वादळामागून वादळ आलं आणि गावालगतच्या तळ्याचं पाणी गावात शिरलं. सिओनिंगच्या नवऱ्याने, दोमेंगने, मशीन टेबलावर चढवलं, टेबलावर खाट आणि खाटेवर कातरणाची पोती. मुलं केव्हाच आपापल्या संसाराला लागलेली, दोघंच शाळेत जाऊन राहिली. पाणी ओसरायला बरेच दिवस गेले. परत येऊन पाहतात तो मशीन कोरडं, पोती कोरडी, आणि कपाटाखाली राहून गेलेल्या खोक्यातल्या नमुन्यांचा मात्र नुसता लगदा झालेला. सिओनिंगने हात घातला, तर बोटांतून भिजल्या पोह्यांसारखा खाली गळला.

दोमेंग म्हणाला, "हात चालतात ना तुझे? पुन्हा आखशील."

बटवे तिने आठवणीने आखलेही. पण टोपडं जमेना. मधली पट्टी नीट यायची, मागचा बाक चुकायचा. कधी टोपडं मानेवर फुगायचं, कधी कानावरून वर सरकायचं. घरात बाळ नाही, म्हणून दोमेंगच्या गुडघ्यावर घालून बघायची. तो बिचारा चड्डी वर करून तासन्‌तास बसायचा.

"बाळ गोंडस आहे," तो म्हणायचा, "केस तेवढे कापून घे."

सिओनिंगला हसू यायचं आणि पाठोपाठ डोळे भरायचे. सासूच्या हाताचं तेवढंच तर उरलं होतं.

शेजारच्या जोव्हलिनला दिवस गेलेले होते. तिच्या कानावर ही गोष्ट गेली तशी ती थोरल्या लेकाचं जुनं टोपडं घेऊन आली. "आते, हे उसवा."

"तुझ्या लेकाची आठवण आहे ती. मी कशी उसवू?"

"तो आता माझं ऐकत नाही, टोपडं घेऊन काय करू? उसवा तुम्ही."

पण धुऊन धुऊन ते पार सैलावलं होतं. त्यावरून आखलं असतं तर ते एखाद्या भोपळ्याला बसलं असतं. गल्लीतल्या आणखी दोघीतिघी आपापली टोपडी घेऊन आल्या. सगळ्यांची तीच गत. सिओनिंगने एकेक परत घडी करून दिलं, पण त्या आल्या, एवढ्यानेच तिला भरून आलं.

ही गोष्ट बाजारातही पोचली, आणि दोन दिवसांनी दुपारच्या वेळी चिखल तुडवत, चपला हातात धरून, बेलेन गल्लीत शिरली. थेट दारात येऊन उभी राहिली. काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी चपटं.

"पाय धुवायला पाणी दे," ती म्हणाली.

सिओनिंगने तांब्या दिला.

बेलेनने पिशवी मशीनवर ठेवली आणि एकेक पुठ्ठा बाहेर काढला. बटव्याचा, केसांच्या रबराचा, भांड्याच्या गादीचा. सगळे सिओनिंगच्याच वस्तूंवरून उतरवलेले. शेवटी एक छोटा, बाक दिलेला, त्यावर बाण काढलेला. सिओनिंगने तो उचलला आणि अंगठा बाकावरून फिरवला. अंगठ्याने लगेच ओळखलं.

"हा तुझ्याकडे कुठून आला?"

"माझ्या सुनेची माहेरची खोली तुझ्याच गल्लीत ना. ती बाळंत झाली तेव्हा आपलं बोलणं नव्हतं, तरी तू टोपडं पाठवलंस. बाळाला घालायच्या आधी मी ते उसवलं, पुठ्ठ्यावर आखून घेतलं, आणि संध्याकाळच्या आत पुन्हा शिवून ठेवलं. कोरं होतं, म्हणून माप बरोबर आहे."

"तुझ्या गाळ्यावर कधी दिसलं नाही टोपडं."

"विकलंच नाही." बेलेन पाय पुसत बसली. "बटव्याचं मला काही वाटलं नाही. तू विकत होतीस, मीही विकले. पण हे तू फुकट वाटायचीस. ते चोरून विकायचं, म्हणजे मलाच माझी लाज वाटली असती."

सिओनिंग खुर्चीवर बसली. या बाईवर तिने किती वर्षं दात खाल्ले होते. आणि आज त्याच चोरीपायी सासूचा बाक जसाच्या तसा तिच्या हातात होता. ती उठली, चुलीवर सालाबात, आल्याचा काढा, ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, "साखर किती?"

"भरपूर घाल. आणि ऐक, बटव्याचं तोंड अरुंद होतं तुझ्या. मी बोटभर वाढवलंय. हात अडकत नाही आता."

"सासूबाईंनी आखलेलं होतं ते."

"मग सासूबाईंचे हात लहान असतील."

सिओनिंग वळली ती रागावूनच. पण बेलेनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता रडली. बेलेनने उठून उतू जाणारं भांडं उतरवलं.

जोव्हलिनला मुलगी झाली. टोपडं अगदी बेतल्यासारखं बसलं. त्यानंतर सिओनिंगने एक गोष्ट केली, जी सासूच्या हयातीत तिला सुचलीही नसती. गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी तिने टोपड्याचा नमुना जाड पुठ्ठ्यावर कापला आणि बायकांना बसवून शिकवला. बेलेन शेजारी बसून कापायची, आणि कुणाचा बाण उलटा पडला की तिच्या मनगटावर पट्टीने हलकेच मारायची. बाजारात दोघींनी गाळे एक केले. भांडणं रोजची, पण डबा एकच.

सिओनिंगला जेवणाआधी देवाचे आभार मानायची सवय आहे, नावं घेऊन. पूर्वी सासूचं नाव असायचं, आणि लेक जगावी म्हणून तिला छातीशी धरून बसलेल्या शेजारणींची. आता यादी लांबलीय. शुक्रवारी मुगाची आमटी आणि सुकी मासळी पानात वाढून झाली, तरी तिचे डोळे मिटलेलेच असतात. बेलेनचं नाव येतं, बेलेनच्या सुनेचं, टोपडी परत घेऊन गेलेल्या त्या बायकांचं.

"भात गार होतोय," दोमेंग म्हणतो.

"थांब," ती डोळे न उघडता म्हणते, "अजून जोव्हलिन राहिलीय."