बिनमिठाचे आठ महिने

बाळांनो, गेले दोन रविवार मी व्हिडिओ बंद ठेवून बोलले आणि फोन बिघडल्याचं सांगितलं. फोन चांगला आहे. मी पडून बोलत होते, आणि ते तुम्हाला दिसू नये असं वाटत होतं. तुम्ही दिवाळीत येताय. दारात आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी कळंबच्या स्टँडवर एसटीच्या पायरीवरून माझा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण कंबर धरली ती धरलीच. गेल्या वर्षापासून उभं राहिलं की छाती धडधडू लागली, हात घामेजू लागले. माझ्या जुन्या शाळेत झेंडावंदनाला पाहुणी म्हणून गेले होते. ‘सावधान’ म्हटल्यावर हलायचं नाही, हे मीच तीस वर्षं पोरांना शिकवलं. झेंडा वर जाण्याआधी मी खाली होते. मग पुन्हा पडण्याची भीती बसली. भीतीनं धडधड वाढायची, धडधडीनं कंबर आवळायची.

छाती धडधडते म्हणजे बीपी, आणि बीपी म्हणजे मीठ बंद, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. बीपी मोजायच्या आधीच मी मीठ सोडलं. माझा स्वभाव तुम्ही जाणताच, एकदा ठरवलं की चिमूटभरही नाही. तुमच्या आजोबांनीही माझ्यासोबत आठ महिने अळणी वरण खाल्लं. मी दिवसेंदिवस जास्तच पडून राहू लागले.

स्वयंपाकाला येणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, “बाई, तुमाला नजर लागलीय. मीठ-मिरच्या उतरून टाकते.”

“मीठ नको म्हटलंय ना?” मी म्हणाले.

“खायाला न्हाय तर न्हाय, उतरायला तरी राहू द्या की! का चुलीलाबी बीपी झालंय?”

तुमचे आजोबा किती दिवसांनी हसले.

शेवटी सोलापूरला डॉक्टरांनी मला आधी झोपवून, मग उभं करून बीपी मोजलं. उभं राहिल्यावर ते खाली उतरत होतं. “तुमचं हृदय चांगलं आहे. ठोके, घाम, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसांचं तंत्र बिघडलंय. दुखणं आणि भीती त्यांना निवांत बसू देत नाहीत. मीठ कुणी बंद केलं?”

आजोबा चपलांकडे पाहत राहिले. “मीच,” मी म्हणाले.

आता मीठ आहे, भरपूर पाणी आहे, गोळ्या आहेत. थोडा फरक आहे, पुरेसा नाही. समजूत घालून या नसा ऐकत नाहीत. मी शिकलेली बाई, माझ्याच शरीराला ‘घाबरू नकोस’ म्हणते आणि ते तिसरीतल्या पोरासारखं थरथरतं.

माझा जीव एकाच गोष्टीत अडकलाय. लांबून आलेल्या लेकराला भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आपण उंबरा ओलांडू देत नाही. तुमच्यावरून तो दर वेळी मीच ओवाळला. त्याला दोन मिनिटं उभं राहावं लागतं. म्हणून महिनाभर रोज सकाळी मी दारात उभी राहते. आजोबा घड्याळ बघतात. काल फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याचा कुणी नवे फटाके वाजवून बघत होता. पहिल्याच आवाजाला माझा तोल गेला. आजोबांनी मला धरलं आणि घड्याळ खिशात घातलं.

आज त्यांनी तुमच्या आईबद्दल विचारलं, “सूनबाईला सांगू का ओवाळायला?” मी नको म्हणाले. नंतर दुपारभर मला त्याचं वाईट वाटलं, कारण दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता.

संध्याकाळी सुचलं. तेव्हा दारात खुर्ची असेल, मी बसूनच ओवाळीन. तुम्ही दोघं आता ताडमाड उंच झालात, तुम्हाला वाकावं लागेल. उभं राहणं माझ्या हातात नाही. बसून भाकरी अजून थापता येते, आणि हात डोक्याच्या वर जातो.