निवडीआधीचे तीन आठवडे

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता, बॅलेच्या वर्गात उडी घेऊन खाली येताना, चौदा वर्षांच्या एका मुलीची डावी नडगी मोडली. हॉलमध्ये सोळा मुली, त्यांना शिकवणाऱ्या ताई आणि मी, असे अठरा जण होतो. आवाज सगळ्यांनी ऐकला. निवड चार दिवसांवर, शनिवारी होती.

आमची निवासी नृत्यशाळा देऊळघाट ओलांडल्यावर धाडच्या रस्त्यालगत आहे. पूर्वी तिथं सरकीचं गोदाम होतं. ताई तरुणपणी परदेशात बॅले नाचत. पाय कामातून गेला तशा परत आल्या आणि ही जागा घेऊन त्यांनी शिकवायला सुरुवात केली. आसपासच्या गावांतल्या मुली नवव्या-दहाव्या वर्षी येतात, पहाटे नाचतात, अकरा वाजता गावातल्या शाळेत जातात, संध्याकाळी पुन्हा भिंतीच्या आडव्या दांड्याला धरून उभ्या राहतात. मी इथं येण्याआधी बारा वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातम्या लिहीत होते. इथं वसतिगृहाची अधीक्षक म्हणून आले. नोंदी ठेवणं हा कामाचाच भाग होता.

दरवर्षी डिसेंबरात मुंबईच्या एका अकादमीच्या परीक्षक येत आणि जास्तीत जास्त दोन मुली घेत. पुढची चार वर्षं राहणं, शाळा आणि नाच तिथंच. अट वयाची: निवडीच्या दिवशी पंधरा पूर्ण झालेली नसावीत. ती मुलगी आदल्या वर्षी तिसरी आली होती. एप्रिलमध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. तिच्यासाठी ही शेवटची निवड होती, हे तिला, आम्हाला आणि धाडजवळ भाजीपाला करणाऱ्या तिच्या आईवडिलांना माहीत होतं.

हॉलच्या दाराशी एक काळी पाटी टांगलेली असे. पद्धत ताईंची. वर्गाआधी ज्या मुलीचं काही दुखतं तिनं आपला हजेरीचा नंबर आणि दुखणारी जागा खडूनं लिहायची. त्या दिवशी तिनं उड्या मारायच्या नाहीत, टोकाच्या बुटांवर, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर, चढायचं नाही. ताईंनी स्वतः एक दुखणं दोन वर्षं लपवलं होतं. मुलींवर ती वेळ येऊ नये म्हणून पाटी. वर्ग सुटला की मी पाटीवरचं वहीत उतरवून घेई.

निवडीच्या बरोबर तीन आठवडे आधी, शनिवारी, ताईंनी मुलींना खाली बसवून सांगितलं, "निवडीच्या यादीत पाच जणी आहेत. त्यांच्यातल्या जिचा नंबर आठवड्यातून दोनदा पाटीवर दिसेल, तिला मी निवडीला उभी करणार नाही. पाय राहिला तर नाच राहील."

सोमवारी पाटी कोरी होती. मंगळवारीही.

"सोळा मुली, आणि एकीचंही काही दुखत नाही?" ताई म्हणाल्या. "असं कधी होत नसतं."

बुधवारपासून पाटीवर पुन्हा नंबर दिसू लागले. रोज दोन, कधी तीन. सगळे लहान मुलींचे, यादीत नसलेल्यांचे. अंगठा. टाच. गुडघा. मी उतरवून घेत गेले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आवारात लहान मुली लंगडी खेळत होत्या. सकाळी जिनं पाटीवर "उजवा घोटा" लिहिलं होतं, ती उजव्याच पायावर लंगडी घालत होती.

"तुझा घोटा दुखत होता ना गं?"

"झाला ना बरा, मॅडम."

"एका दिवसात?"

"हाव. ताईनं बसवलं ना, तं लगेच बरा झाला."

"मॅडम, तिचा घोटा लई समजदार हाय," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. वहीतली नोंद तशीच राहिली.

दुसऱ्या आठवड्यात, पुढं जिची नडगी मोडली ती मुलगी वसतिगृहाचा जिना अंग तिरकं करून उतरताना दिसली, कठडा धरून, एकेक पायरी. दुसऱ्या एका दिवशी ती कपडे धुताना उकिडवी न बसता पालथ्या बादलीवर बसली होती. वर्गात तिच्या पायांवरचे लोकरीचे मोजे शेवटपर्यंत निघत नसत, पण थंडी होती आणि इतर मुलीही ते घालत. या गोष्टी मी वेगवेगळ्या दिवशी पाहिल्या. एकत्र मांडल्या नाहीत.

निवडीच्या आधीच्या रविवारी तिची आई जीपनं आली. फडक्यात भाकरी आणि ठेचा, पिशवीत वांगी. मुलगी फाटकापर्यंत चालत गेली. आई तिथंच थांबून तिचं चालणं बघत राहिली.

"काऊन वं, पाय काऊन वढून राह्यली?"

"काही नाही वं माय. मांडी घालून बसली होती, मुंग्या आल्या."

"मुंग्या आल्यावर कोनी दात दाबते काय?"

"तू डॉक्टर झाली काय?"

"तुले पैदा केलं मी. डॉक्टर मोठा का मी मोठी?"

"मावशी, नाटक करून राह्यली ते," खामगावची एक मुलगी म्हणाली. तीही यादीत होती. "भाकर जास्त भेटावी म्हनून."

आई हसली नाही. तिनं मुलीला पायरीवर बसवलं आणि मोजा खाली सरकवायला हात घातला. मुलीनं पाय ओढून घेतला. आई माझ्याकडे वळली.

"मॅडम, तुमी पाहा बरं जरा. हे पोट्टी सांगनार नाही."

मी म्हणाले, पाटीवर तिचा नंबर नाही. पाटी म्हणजे काय, तेही समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे जिचं दुखते तिनंच लिवाचं?"

"हो."

"आन लिवलं का नाचू देत नाही?"

"नाही."

"मंग कोन लिवते, मॅडम?"

चारच्या जीपनं ती परत गेली.

संध्याकाळी मी ताईंच्या कानावर घातलं. त्यांनी मुलीला हॉलमध्ये बोलावलं आणि डाव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. वीस अंक होईपर्यंत ती उभी राहिली. ताई तिच्या पायाकडे नाही, चेहऱ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तसं काही दिसू न देणं आम्हीच तिला पाच वर्षं शिकवलं होतं.

"आई उगाच घाबरते, ताई," ती म्हणाली.

ताईंनी मला विचारलं, "वहीत नंबर आहे का हिचा?"

मी दोन आठवड्यांची पानं उलटली. त्याआधीची उलटली नाहीत.

"नाही," मी म्हणाले.

मंगळवारी सातला मुली कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जोडीजोडीनं उड्या घेत निघाल्या. ती दुसऱ्या जोडीत होती. तिसरी उडी घेऊन ती डाव्या पायावर उतरली. ध्वनिवर्धकावर पियानो चालू होता. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. ताई तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "हिला कोणी हलवू नका." मी कात्रीनं बुटाच्या फिती कापल्या. ती ओरडली नव्हती.

"ताई, शनिवारी उभी कराल ना मले?" तिनं विचारलं.

ताईंनी मला गाडी बोलवायला सांगितलं.

बुलढाण्याला एका खासगी दवाखान्यात नऊ वाजता एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. हाड आरपार मोडलेलं होतं. मोडलेल्या जागेच्या बोटभर खाली दुसरी एक बारीक काळी रेघ होती, हाडाच्या समोरच्या बाजूला.

"ही आजची नाही," डॉक्टर म्हणाले. "महिना तरी झाला असेल. अशीच दुसरी चीर वर असणार, तिथं आज पूर्ण तुटलं. हिला रोज दुखत असणार. कोणाला बोलली नाही?"

दुपारी मी वही मागं नेत गेले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, लागोपाठ दोन दिवस, माझ्याच अक्षरात नोंद होती: नऊ नंबर, डावी नडगी. नऊ नंबर तिचाच होता. तिसऱ्या दिवशी नंबर नव्हता, म्हणून पुढं काही झालं नव्हतं.

बुधवारी तिच्या हाडात सळई बसवली. त्याच दिवशी मी लहान मुलींना एकेकीला बोलावून विचारलं. दहा वर्षांच्या एकीनं दप्तरातून वहीचा कागद काढून दिला.

"मोठ्या पोरी म्हने, तुमाले कुठं मुंबईले जायचं हाय? तुमी लिवा. पाटी कोरी दिसली का ताईले शक येते."

कागदावर वार, नंबर आणि दुखायची जागा यांचा तक्ता होता. कोणत्या दिवशी कोणी काय लिहायचं, ते आखलेलं. एकाच मुलीला सलग दोन दिवस पाळी येणार नाही, इतकी काळजी घेतलेली. अक्षर मी ओळखलं. तक्ता नऊ नंबरच्या मुलीनंच केला होता.

गुरुवारी डॉक्टर नृत्यशाळेत आले. त्यांनी मुलींना बाकावर बसवून प्रत्येकीच्या नडगीवरून अंगठा दाबत नेला. यादीतल्या उरलेल्या चौघींपैकी दोघींनी पाय मागं घेतला. ताईंनी त्यांची नावं खोडली. एकीचे वडील शुक्रवारी येऊन फाटकाशी तासभर उभे होते. नाव पुन्हा लिहिलं गेलं नाही.

शनिवारी दोघी उभ्या राहिल्या. खामगावची मुलगी निवडली गेली.

ताईंनी अकादमीला पत्र लिहिलं: पाय बरा होईपर्यंत त्या मुलीसाठी एक जागा राखावी, किंवा पुढच्या वर्षी वयात सूट द्यावी. उत्तर दहा दिवसांनी आलं. दोन्हीला नकार होता. ते मी तिला दवाखान्यात वाचून दाखवलं. तिनं पत्र मागून घेतलं, एकदा वाचलं आणि घडीवर घडी घालून परत दिलं. आई खाटेच्या कडेला बसली होती.

"काय लिवलं?" तिनं विचारलं.

"नाही म्हनून राह्यले," मुलगी म्हणाली.

ताईंनी जानेवारीपासून दर पंधरवड्याला डॉक्टरांची फेरी ठरवली. मुलगी फेब्रुवारीत काठीनं चालू लागली. मेमधल्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं, खालची रेघ अजून पूर्ण भरलेली नव्हती. जूनच्या पहिल्या सोमवारी ती पेटी घेऊन आईबरोबर धाडला गेली. तिथल्या शाळेत तिनं दहावीला नाव घातलं. खेळाच्या तासातून सूट मिळावी म्हणून प्रवेशाच्या अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्याची प्रत मी पाहिली. सूट किती महिन्यांची, ते त्यावर लिहिलेलं नाही.