न उतरणारा बीपी

लाखनीला हायवेला लागून माझा दवाखाना आहे. तिथं साठीकडे झुकलेले एक धानशेतकरी दर महिन्याला बीपी दाखवायला यायचे. माणूस नेमाचा. गोळ्या संपायच्या आधीच हजर. सांगितल्यावर मीठ कमी केलेलं, तंबाखूचा खर्रा सोडलेला. तरी बीपी काही उतरायचा नाही. मी गोळी बदलून पाहिली, मग डोस वाढवला. फरक शून्य. रोज घेता का, असं विचारलं की ते म्हणायचे, "रोज घेतो, डॉक्टर बाई. एक दिवस चुकत नाई." ते खोटं बोलत आहेत असं कधी वाटलं नाही. मग होतं तरी काय, हे कोडं माझ्या डोक्यात घर करून बसलं.

एका रविवारी मी त्यांच्या गावाकडे लग्नाला गेले होते. परतताना राहवलं नाही, गाडी त्यांच्या घराकडे वळवली. दोघं नवराबायको अंगणात होते. बाई चहा ठेवायला उठल्या आणि भिंत धरून तशाच थांबल्या. चक्कर येते का, मी विचारलं.

"येते. पण गोळी घेऊन राहिली ना मी."

"कोणती गोळी?"

"ह्याईचीच. अर्धी ते, अर्धी मी."

मी त्यांच्या यजमानांकडे पाहिलं. ते संकोचले, पण त्यांनी सगळं सांगितलं. चक्कर म्हणजे बीपी, असं गावात सगळेच म्हणत. बायकोलाही तोच आजार, तर औषधही तेच. त्यांना एकदा दवाखान्यात का आणलं नाही, यावर ते म्हणाले, "दोघंही आलो तं ढोरं कोण पाहील?" शिवाय माझा दवाखाना सकाळ-संध्याकाळ उघडा. सकाळी बाई धानाच्या बांधीत रोवणीला किंवा निंदणाला, आणि संध्याकाळी गोठ्यात.

गाडीतून मशीन आणून मी बाईंचा बीपी पाहिला. तो कमीच निघाला. डोळ्याची खालची पापणी ओढली तर आत पांढुरकं. त्यांना बीपी नव्हताच, अंगात रक्त कमी होतं. त्या अर्ध्या गोळीने चक्कर उलट वाढत होती. हे ऐकून यजमान बायकोला हळूच म्हणाले, "तुले बरं वाटावं म्हणून देत होतो वं मी."

"मले का मालूम नाई?" त्या म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात ते ढोरांजवळ थांबले आणि बाई रक्त तपासायला आल्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू त्यांची चक्कर थांबली. अख्खी गोळी पोटात जाऊ लागल्यावर यजमानांचा बीपीही खाली आला. वाढवलेला डोस मी पुन्हा कमी केला.

आठवडी बाजारासाठी बायका दुपारी लाखनीत येतात, हे मला दर आठवड्याला दिसत होतं. आता बाजाराच्या दिवशी मी दुपारीही दवाखाना उघडा ठेवते. गोळ्या लिहून देताना आणखी एक विचारते, घरात दुसरं कोण हीच गोळी घेतं? लोक आधी हसतात, मग विचारात पडतात. परवा एका बाईने भाजीची पिशवी खाली ठेवली, दारापर्यंत गेली आणि बाहेर उभ्या असलेल्या जावेला हात धरून आत घेऊन आली.