हद्दीतले गुप्तहेर

गुप्तहेर म्हनजे लपूनछपून राहनारा मानूस, असं मले वाटे. मंग मी आमच्या विभागाच्या खाजगी गुप्तहेर संघटनेची मेंबर झाली आन पाहते तं काय, अध्यक्षाच्या गाडीच्या काचेवर मोठ्ठ्या लाल अक्षरात लिहेल, 'गुप्तहेर'! लपतीन कायचे, यायले तं सत्कार पायजे.

अमरावती आन अकोल्याचे मिळून सारे पोट सुटेल काके, आन मी एकटी पोरगी, भातकुलीची, वांगे-टमाटे पिकवनाऱ्या घरची. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीचे. पोरगा काय करते, पेते का, घरचे लोक कसे.

संघटनेचा सर्वात पवित्र नियम म्हनजे हद्द. अमरावतीवाल्यानं अकोल्यात चौकशीले जायचं नाही, अकोलेवाल्यानं इकडे यायचं नाही. तिकडचं काम निघालं का तिकडच्या मेंबरले फोन लावायचा, तो रिपोर्ट धाडते. आयकायले किती चांगलं वाटते ना? खरं म्हनजे दोघंबी आपापल्या खुर्चीत बसून एकमेकायले रिपोर्ट धाडत. पोरगा असला का 'निर्व्यसनी, होतकरू'. पोरगी असली का 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष'. नाव तेवढं बदलवत.

तं शेंदूरजनाघाटची एक पोरगी माह्याकडे आली, घरी न सांगता. बाप संत्र्याचा व्यापारी. अकोल्याचं स्थळ, साखरपुडा येत्या रविवारी.

"ताई, सारंच लय गोड हाय, म्हनून खटकून राहिलं. तो एकटा बोलतच नाही. फोन केला का माय बाजूले बसेल असते."

अध्यक्ष अकोल्याचेच, म्हनून मी नियमानं त्यायले फोन लावला. ऑफिसातला चहा थंडा व्हायच्या आत रिपोर्ट हजर! निर्व्यसनी, होतकरू. माह्यं डोस्कंच फिरलं. दुसऱ्या दिवशी एसटीत बसली आन गेली अकोल्याले.

पोराच्या गल्लीत भाड्याची खोली शोधून राहिली असं सांगत फिरली. त्याच्या घरासमोरच्या काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आमच्याइथं नाही व बाई. समोर इचार. वरची खोली रिकामी हाय त्यायची. पहिली सून राहे ना तिथं."

"पहिली?"

"हाव ना. माहेरी गेली ते आलीच नाही. कोर्टात चालू हाय अजून."

झालं! अजून दोन घरी इचारलं, तेच. मी तिथूनच पोरीले फोन केला. ते म्हने, "बाबाले आजच सांगते."

अध्यक्षालेबी फोन केला, मले वाटलं रिपोर्ट सुधारतीन. सुधारतीन? पोराकडचे लोक त्यायचेच गिऱ्हाईक! त्यायनं सरळ पोरीच्या बापाले फोन करून सांगतलं का ते पोट्टी नवशिकी हाय, तिचं मनावर घेऊ नका. बापानं साहेबाचं आयकलं, पोरीचं नाही.

आन मले बोलावलं बैठकीले. अकोल्यातल्या एका हॉटेलचा हॉल, भर मे महिना, आन सारे कोट घालून घामानं निथळून राहिले. विषय एकच, मी हद्द मोडली.

"तू काहून गेली अकोल्याले?" अध्यक्ष.

"तुमी गेले नाही म्हनून."

"रिपोर्टात खोटं काय हाय? पोरगा दारू पेते काय?"

"नाही."

"मंग निर्व्यसनीच झाला ना! पहिल्या बायकोचं तुनं इचारलंच कुठं?"

सारे टेबल बडवून हासले. खरंच हासले! आमचे अमरावतीचे उपाध्यक्ष मले बाजूले घेऊन म्हनतात, "माफी माग न बाई, मिटव. मीबी तुह्या त्या पोरीचा रिपोर्ट पोराकडच्यायले असाच देल्ला."

"शेंदूरजनाघाटले गेलते?"

"कायले जाऊ? गृहकृत्यदक्षच असनार ना."

अरे, तिले धड चहा येत नाही! लिलावात बापाच्या बाजूले उभी राहून ते भल्याभल्या व्यापाऱ्यायले घाम फोडते. हे यायची गुप्त माहिती!

मी माफी मागतली नाही. टाळ्या वाजवून मले काढून टाकलं.

पोरगी मातर बसून राहिली नाही. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी बापाले म्हने, "माह्यं नका आयकू, पन एकडाव त्यायच्या घरी चाला." गेले. पोहे आले, चहा आला. आन हिनं साऱ्यायसमोर होनाऱ्या सासूले इचारलं, "काकू, पहिल्या सुनेची तारीख कधी हाय कोर्टात?"

सासू म्हने, "तुले कोनं सांगतलं?"

बापानं कप खाली ठेवला आन उठला. साखरपुडा मोडला.

दोन दिवसानं कोनीतरी मले संघटनेच्या ग्रुपवरची पोस्ट धाडली. 'संघटनेच्या सतर्कतेमुळे एका भगिनीचे आयुष्य वाचले.' खाली अध्यक्षाचा शाल-श्रीफळवाला फोटो आन साऱ्यायचे हात जोडेल इमोजी. मी इतकी हासली का माय बाहेर आली पाहाले.

त्याच हप्त्यात उपाध्यक्षाचा फोन. आवाज एकदम बारीक.

"माह्या पोरीले स्थळ आलं अकोल्याचं. तू स्वतः जाऊन पाहशीन काय? ग्रुपवर नोको सांगू."

"अध्यक्षाले इचारा ना."

"त्याचा रिपोर्ट आला व," तो म्हने, "म्हनूनच तं फोन केला."

मी म्हनलं, जाते. पन काम तुमचं नाही, तुमच्या पोरीचं. फोन तिच्याजवळ द्या, आन तुमी खोलीच्या बाहेर जा.