दोरी सोडू नका

आम्ही एकत्र केलेलं शेवटचं काम म्हणजे सौदीतल्या जिझानच्या समुद्रात चालत्या बोटीमागे गळ सोडून सुरमई धरणं. बोटीत मी, मुलगा, सून आणि हा शेजारी. इस्पितळात एक्स-रे काढतो. दुसऱ्या दिवशी तो बदली होऊन रियाधला चालला होता.

माणूस फाटक्या तोंडाचा. आमच्यावर खेकसतो आणि माशाला लाडानं म्हणतो, “ये गं बाय, ऊन लागतंय मला.”

बायको गेल्यापासून मी मासा खाल्ला नव्हता. सगळे धीर द्यायचे. यानं कधी दिला नाही. त्या दिवशी माझी गळाची काठी वाकली आणि बायकोची आठवण आली. डोळे भरले. हा ओरडला, “काका, रडायचं तर रडा, पण दोरी सोडू नका!” सून खो खो हसली. मग मीही हसलो. सुरमई चांगली हातभर निघाली.

सकाळी त्यानं बेल दाबली. सामानाची गाडी खाली उभी, हातात तीच सुरमई, कापून धुतलेली.

“यल्ला काका, चला, कालवण टाका. तुम्ही जेवल्याशिवाय मी निघत नाही.”

मीठ जास्त पडलं. शिव्या घालत त्यानं दोनदा वाढून घेतलं, मी एकदा.