देवीनं सुलटी केलेली कादंबरी

माझ्या एकुलत्या एका कादंबरीचं संपादन आमच्या ग्रामदेवीनं केलं आहे.

कादंबरी उलटी होती. म्हणजे नायकाच्या तिरडीपासून सुरू होऊन त्याच्या बारशाला संपणारी. प्रकरणांचे आकडेसुद्धा आठपासून एकपर्यंत! (मला ते फार आधुनिक वाटायचं.) पाच प्रकाशकांनी ती साभार परत पाठवली. एकानं तर 'वाचकाला चक्कर येईल' असं कळवलं. मी पेटलो. ठरवलं, स्वतःच छापीन, पण एक ओळ इकडची तिकडे होऊ देणार नाही!

नेमक्या शाळेत परीक्षा आल्या आणि मला, म्हणजे मास्तरला, रजा मिळेना. म्हणून हस्तलिखित घेऊन कुडाळच्या छापखान्यात वडिलांना, आबांना, धाडलं. तीच घोडचूक! आमच्याकडे विहीर खणायची तरी आधी देवीला कौल लावतात; उजवा पडला की होकार. आबा एस.टी. पकडण्याआधी देवळात गेले. मला पत्ताच नाही. छापखान्याला फोन करावा, तर मोबाइलच्या रेंजसाठी तेव्हा माडावरच चढावं लागे.

महिन्यानं गठ्ठे आले. पहिलं पान उघडलं. बारसं! शेवटचं उघडलं. तिरडी!

"आबानू, ह्यां काय केल्यात?"

"मी खंय काय केलंय? पयल्याच पानार मरण बघून माका घाम फुटलो. देवीक इचारलंय, 'आये, ह्यां मरण पाठी सारू?' उजवो कौल दिल्यान!"

"आणि छापखानेवालो गप रवलो?"

"तो खूश! म्हणता, 'मास्तरांनी आकडे उलटे घातल्यानी, माका पण दिसत होता.' दोघांनी बसान एक ते आठ लावलंव."

"अहो, ती उलटीच होती!"

"मगे! म्हणानच सुलटी केलंव."

"पण आता समाजता हां," इति बायको.

माझं डोकं फिरलं. पाच वर्षं घासून लिहिलेली कादंबरी! अंगणात गठ्ठ्यांवर बसून मी चक्क रडलो. आबांशी भांडता येतं, देवीशी कोण भांडणार?

तरी खुमखुमी जाईना. त्या चक्करवाल्या प्रकाशकाला एक प्रत पाठवलीच. निदान छापून आली, एवढं तरी त्याला कळू दे!

उलट टपाली पत्र आलं. 'कादंबरी फारच सरळसोट. नायकाचा मृत्यू आधी आणि जन्म शेवटी, अशी उलटी मांडणी करून पाहावी. काही नवं वाटेल.'

मी लगेच कार्ड टाकलं, 'आभारी आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!'